जोत्याची उंची

महाडच्या बाजारपेठेतला दुकानदार गाळ्याची लांबी-रुंदी सांगण्याआधी उंची सांगतो. 2005 च्या पुराचं पाणी या कडीपर्यंत, 2021 चं त्या वरच्या खुंटीपर्यंत. भिंतीला नवा रंग लागलेला असला तरी हात बरोबर त्या जागी जातो. मी याच भागात वाढले, बिरवाडीला, औद्योगिक वसाहतीच्या कडेला. बाबा एका केमिकल कंपनीत ऑपरेटर. आर्किटेक्चर शिकायला मुंबईला गेल्यावर कळलं की आमच्याकडची माणसं बोटाने जे दाखवतात, ते कागदावर मांडायला एक ड्रॉइंग असतं. त्याला सेक्शन म्हणतात. इमारत वरपासून खालपर्यंत उभी कापायची आणि बाजूने पाहायची. प्लॅनमध्ये कोण कुठे बसतं ते दिसतं; कोण किती उंचावर आहे, छप्पर कुठे संपतं, पाणी कुठे पोचतं, हे सेक्शनमध्ये. महाड-पोलादपुरात मी विद्यार्थिनी म्हणून जी कामं केली, त्या प्रत्येकात खरा निर्णय सेक्शनवर झाला.

याला कारण इथली जमीन. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपुरात उतरते, महाडला गांधारी आणि काळ या नद्यांचं पाणी घेते आणि बाणकोटच्या खाडीला मिळते. वर घाट, खाली भरती, मधे आम्ही. 22 जुलै 2021 च्या त्या चोवीस तासांत महाबळेश्वरला 594 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्यातलं पश्चिमेकडचं पाणी सावित्रीच्या खोऱ्यात आलं आणि महाडचे तळमजले बुडाले. त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळीये गावावर दरड आली, 80 हून अधिक माणसं गेली. पोलादपुरात केवनाळे आणि साखर सुतारवाडीतही दरडी पडल्या. अशा ठिकाणी 'साइट' म्हणजे चौकोनी प्लॉट आणि उत्तरेचा बाण असं समजून चालत नाही.

दुसऱ्या वर्षी एका जुन्या घराचं मोजमाप करून ड्रॉइंग काढायचं होतं. बहुतेकांनी वाडे निवडले. मी आजोळचं घर घेतलं, पोलादपूर तालुक्यातलं, आंबेनळी घाटाच्या पायथ्याचं. जोतं काळ्या दगडाचं, पुढची भिंत दगडमातीची, आतल्या भिंती कारवीच्या कुडाच्या, त्यावर शेणमातीचा लेप. ओटी, पडवी, माजघर, मागे चूल, बाजूला एक पायरी खाली गोठा. टेप घेऊन मोजायला लागले तेव्हा आजी मागे मागे फिरत होती. "मोजून काय करणार गो? पाडायचंय का?" तिला वाटलं, मोजमाप म्हणजे तलाठी किंवा ठेकेदार.

त्या घरात समपातळीत असं जवळजवळ काहीच नव्हतं, आणि प्रत्येक फरकाला कारण होतं. गोठा खाली, कारण धुतलेलं पाणी माजघराकडे येता कामा नये. चुलीवरचा माळा बुटका, कारण धूर तिथे साठून वाशांना लागला पाहिजे. धुरावलेल्या लाकडाला कीड कमी लागते. पडवीचं छप्पर इतकं खाली आणलेलं की उंच माणसाला वाकावं लागे, कारण घाटाखाली पाऊस सरळ पडत नाही, आडवा येतो. जूनच्या आधी पडवीला पेंढ्याचे झाप लागत. पागोळ्या पडतात तिथे दगडांची ओळ होती, म्हणजे जोत्याखालची माती खणली जात नाही. मी वळचणीची उंची लिहून घेतली, मग आजीची. वळचण तिच्या डोक्याच्या जरा वर होती. ते घर तिच्या मापाचं होतं.

कॉलेजात शीट लावल्यावर मॅडमनी एकच विचारलं, "छपराचा उतार किती?" मी अंश सांगितला. त्या म्हणाल्या, "हा कोणी ठरवला?" याचं उत्तर गावच्या सुतारमामांकडे होतं. कौल असेल तर इतका, गवत असेल तर याहून जास्त, आणि घर वाऱ्याच्या तोंडाला असेल तर वळचण आणखी एक वीत खाली. ही माहिती ते उभ्या उभ्या, रंधा बाजूला ठेवून सांगत होते आणि मी लिहून घेत होते. पुढच्या वर्षांत शिकलेल्या बऱ्याच गोष्टी मी त्या संभाषणावर पडताळून पाहिल्या. आज गावात नवी घरं स्लॅबची होतात, त्यावर गळती थांबवायला पत्र्याची शेड चढते. म्हणजे उतार परत येतोच, फक्त दुप्पट खर्चाने आणि माळ्याशिवाय.

तिसऱ्या वर्षी इंटिरियरचा विषय होता 'कामाची जागा'. वर्गात कॅफे, सलून, जाहिरात कंपनीची ऑफिसं आली. मी वसाहतीतल्या एका कारखान्याचं कॅन्टीन आणि कपडे बदलायची खोली घेतली. नाव कुठे लिहायचं नाही या अटीवर आत जाऊन मोजायला मिळालं. तेव्हा लागू असलेल्या 1948 च्या कारखाने अधिनियमात 250 हून अधिक कामगार असतील तर कॅन्टीन, 150 हून अधिक असतील तर विश्रांतीची खोली, 30 हून अधिक महिला असतील तर पाळणाघर, असं सांगितलेलं होतं. कायदा जागा द्यायला लावतो, पण ती कशी असावी हे कुणीतरी बसून विचारात घ्यावं लागतं.

मी बाबांच्या एका ड्युटीचा माग काढला. गेटवर पंच, हेल्मेट, बूट, गॉगल, प्लांट, हात धुणं, जेवण, परत प्लांट, शेवटी अंघोळ आणि बस. त्यात एकच गोष्ट महत्त्वाची होती: प्लांटवरचे कपडे आणि घरचे कपडे कुठे भेटतात? मी पाहिलेल्या बहुतेक खोल्यांत ते एकाच कपाटात भेटत होते. मी प्रत्येकाला दोन कप्पे दिले आणि त्या दोन कप्प्यांच्या मधे अंघोळीच्या जागा ठेवल्या. एका बाजूने ड्युटीचे कपडे काढून आत जायचं, दुसऱ्या बाजूने घरचे घालून बाहेर पडायचं. मागे फिरायची वाटच नाही. बाबांनी ड्रॉइंग बघून विचारलं, "आणि बूट?" बुटांसाठी अंघोळीच्या अलीकडे, जमिनीपासून उचललेली एफआरपीची (फायबरग्लास-प्लास्टिकची) जाळी आली, खालून पाणी मारता येईल अशी. लोखंडी जाळी मी घेतली नाही, कारण वसाहतीत लोखंडाचं काय होतं ते मी लहानपणापासून पाहिलंय. चार महिन्यांचा पाऊस आणि हवेतली आम्लाची वाफ मिळून खिडकीचा गज खाऊन टाकतात.

याच कामात वास आणि वायू यांची उंची शिकले. क्लोरीन हवेहून जड, तो खाली बसतो, गटारात आणि तळघरात साठतो. अमोनिया हलका, वर जातो. म्हणून बाहेर पडायचा रस्ता खोलगट भागातून नेता येत नाही, आणि एकत्र जमायची जागा वाऱ्याची दिशा दाखवणारा विंडसॉक बघून निवडावी लागते. कॅन्टीनचा दरवाजा कुठल्या बाजूला असावा हे सजावटीचं नव्हे, वाऱ्याचं गणित झालं.

त्या काळात ग्रंथालयात अच्युत कानविंदे यांच्या इमारतींचे फोटो पुन्हा पुन्हा काढून बसायचे. कानविंदे मूळचे सिंधुदुर्गातल्या आचऱ्याचे, जन्म 1916 चा. मुंबईच्या जे. जे.मध्ये शिकले, मग हार्वर्डला वॉल्टर ग्रोपिअस यांच्या हाताखाली. आयआयटी कानपूर त्यांचं, म्हणून सगळे ओळखतात. मला ओढ लागली ती मेहसाण्याच्या दूधसागर डेअरीची. दुधाच्या कारखान्यावर त्यांनी हवा बाहेर काढणारे उंच मनोरे उभे केले आणि इमारतीला चेहरा त्या मनोऱ्यांमुळेच आला. कोकणातला मुलगा कारखान्याकडे वास्तू म्हणून पाहू शकतो, हे मला त्यातून मिळालं. आमच्या वसाहतीतल्या शेड जाताना-येताना पाहत मी मोठी झाले होते, पण तिथे कुणी वास्तुरचना करतं अशी कल्पनाही कुणी दिली नव्हती.

कॅन्टीनच्या कामात एक मुद्दा मात्र मी ड्रॉइंगच्या बळावर धरून ठेवला. मला दिलेल्या यादीत पिण्याच्या पाण्याच्या दोन जागा होत्या, एक स्टाफची आणि एक ठेकेदाराच्या कामगारांची. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ज्या महाडात चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, त्या गावच्या हद्दीजवळ मी पाण्याच्या दोन जागा काढणार नव्हते. एकच लांब ओटा काढला, दोन्ही बाजूंनी नळ, मधोमध, सगळ्यांच्या वाटेवर. ज्युरीत त्याबद्दल कुणी विचारलं नाही. मी न विचारता सांगितलं.

2021 च्या पुरानंतरचं काम या सगळ्यांत मोठं, आणि त्याला कॉलेजची तारीखही लागू नव्हती. ओळखीच्या एका काकांचं बाजारपेठेतलं कापडाचं दुकान पूर्ण बुडालं होतं. गाळ उपसून झाला होता, पण फर्निचर उभं राहणार कसं हे त्यांना समजत नव्हतं. प्लायचे रॅक फुगून उघडले होते, सनमायका सुटून लोंबत होतं, पीओपीचं सीलिंग पाण्यात विरघळून काउंटरवर बसलं होतं. "पुन्हा तसंच नको, पण गिऱ्हाईकाला दुकान वाटलं पाहिजे, गोडाऊन नाही," एवढीच त्यांची मागणी.

आधी पाण्याची खरी उंची हवी होती. शेजारच्या दुकानांत रेघा वेगवेगळ्या दिसत होत्या, कारण प्रत्येकाचं जोतं वेगळं. दुकानाच्या कामावरच्या गवंडीमामांनी पारदर्शक नळी आणली, लेव्हल पाइप. नळीत पाणी भरायचं, एक टोक या भिंतीवरच्या गाळाच्या रेघेला धरायचं, दुसरं टोक रस्त्यापलीकडच्या भिंतीला. नळीतलं पाणी दोन्हीकडे एकाच पातळीवर थांबतं. असं करत आम्ही आख्ख्या आळीच्या रेघा एका पातळीत आणल्या. बघता बघता दुकानदार गोळा झाले. एकाने आपल्या वडिलांनी दाखवलेली 2005 ची खूण सांगितली, दुसऱ्याने त्याही आधीची. ज्या घरांत पाणी कमी आलं होतं त्यांची जोती सगळ्यांत जुनी निघाली, तीन-चार पायऱ्या चढून जायची. नवी दुकानं रस्त्याला समतल, गिऱ्हाईकाला पायरी नको म्हणून. रायगडावरच्या बाजारपेठेची उंच जोती मी शाळेच्या सहलीत पाहिली होती, ती मला त्या दिवशी वेगळ्या अर्थाने आठवली. गड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांना पुराची काळजी नव्हती, पण पावसाची होतीच.

रेघ मिळाल्यावर दुकान दोन भागांत वाटलं गेलं. रेघेखाली लाकूड नाही. तिथे कडप्प्याच्या फळ्या, सिमेंटच्या घोड्यांवर, भिंतीला टाइल, ड्रॉवर ॲल्युमिनियमचे. जिथे प्लाय टाळताच येत नव्हता तिथे आयएस 710 च्या मरीन दर्जाचा, आणि तोही स्क्रूने, सोडवून उचलता येईल असा. वायरिंग जमिनीतून वर न नेता छतातून खाली आणलं. खालच्या प्लगची सर्किट वेगळी ठेवली, म्हणजे खालची वीज बंद करून वरचे दिवे चालू राहतील. मीटर, इन्व्हर्टर, हिशेबाचं कपाट, सगळं पोटमाळ्यावर. फरशीला मागच्या दाराकडे उतार, आणि तिथे जोराचं पाणी मारता येईल असा नळ, कारण पूर ओसरल्यावर पहिली लढाई गाळाशी असते. गाळ ओला असतानाच निघाला तर निघतो.

पण यात सर्वांत जास्त वेळ गेला तो माल वर चढवण्यावर. नगरपालिकेचा भोंगा वाजल्यापासून दुकानात पाणी शिरेपर्यंत जो वेळ मिळतो, तेवढ्यात दोन माणसांनी दुकान रिकामं करायचं. काकांचं वय झालं होतं, गुडघे दुखत होते. जिन्यावरून ताग्यांच्या फेऱ्या त्यांच्याने होण्यासारख्या नव्हत्या. म्हणून पोटमाळ्यात एक चौकोनी मोकळी जागा ठेवली, वर तुळईला चेन पुली. रॅकचे खालचे कप्पे म्हणजे सुट्या जाळीच्या पेट्या. हुक लावायचा, ओढायचं, माल पेटीसकट वर. रोजच्या दिवशी त्या मोकळ्या जागेतून वरून उजेड येतो आणि साड्यांचा रंग नीट दिसतो. काकूंना तो उजेड फार आवडला. पुलीचा विषय त्यांनी काकांवर सोडला.

दुकान मोठं दिसावं म्हणून मधली एक भिंत काढायची काकांची इच्छा होती. ते मी माझ्या जबाबदारीवर केलं नाही. 24 ऑगस्ट 2020 रोजी महाडच्या काजळपुऱ्यात तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळून 16 जण गेले, त्याला तेव्हा वर्षच झालं होतं. स्ट्रक्चरल इंजिनियरना बोलावलं, त्यांनी भिंत राहू द्यायला सांगितलं, आणि राहिली. इंटिरियर शिकणाऱ्या प्रत्येक मुला-मुलीला पहिल्याच सत्रात हे सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं: आपल्याला दिसतो तो पृष्ठभाग, पण वजन त्याच्या मागून जात असतं, आणि वरच्या मजल्यावर कुणीतरी झोपलेलं असतं.

दरडीनंतरच्या पुनर्वसनावर एक छोटा स्टुडिओ झाला. त्याबद्दल थोडक्यातच लिहिते, कारण ज्यांचं सगळं गेलं त्यांच्यासमोर टेप घेऊन उभं राहणं मला जमण्यासारखं नव्हतं. एवढं समजलं की डोंगरातल्या माणसाला घर देताना भाताची कणगी, लाकूडफाटा, गुरं आणि अंगण यांना जागा नसेल, तर तो सकाळी उठून जुन्या वाडीकडेच चालू लागतो, कारण त्याचं काम तिथे आहे. आणि घराच्या ड्रॉइंगआधी डोंगराचा सेक्शन काढला पाहिजे, भूगर्भशास्त्र जाणणाऱ्या माणसाबरोबर.

शेवटच्या वर्षाच्या थिसिसला मी घरी परत आले. विषय होता औद्योगिक वसाहतीतल्या कामगारांच्या भाड्याच्या खोल्या. बिरवाडीच्या आजूबाजूला अशा चाळी भराभर उभ्या राहिल्यात. बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाहून आलेली मुलं एका खोलीत चार-सहा राहतात. एक फर्स्ट शिफ्टला जातो तेव्हा दुसरा नाईट करून परत येतो आणि त्याच्याच गादीवर झोपतो. खोलीची गरज चोवीस तासांची, आणि त्यात कायम कुणीतरी झोपेत. आर्किटेक्चरच्या पुस्तकांत उजेडाची भरपूर चर्चा असते. मला दिवसा अंधार हवा होता, पण हवा खेळती.

मी खोली खोल केली आणि पुढे रुंद पडवी दिली. झोपायच्या जागा मागच्या भिंतीशी, वर-खाली, प्रत्येकीला पडदा आणि जमिनीलगत एक झडप. गरम हवा छपराच्या टोकातून बाहेर. पत्र्याचं छप्पर स्वस्त, पण जुलैत पत्र्यावर पाऊस पडतो तेव्हा नाईट करून आलेला माणूस झोपू शकत नाही. म्हणून पत्र्याखाली मोकळी हवा आणि मग बांबूच्या चटईचं सीलिंग घेतलं, आजोळच्या माळ्यासारखं. त्या मधल्या उंचीत दोऱ्या बांधल्या. इथे जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत, ओले गणवेश अंगावर वाळतात, त्वचेचे विकार होतात. छपराखालची कोरडी, वाहती हवा त्या कपड्यांना मिळाली. बूट आणि ड्युटीचे कपडे पडवीच्या बाहेरच्या ओट्यावर, नळाशेजारी. कॅन्टीनमध्ये शिकलेलं इथे लागू पडलं.

ज्युरीला बाहेरून आलेल्या सरांनी सेक्शन बराच वेळ पाहिला. मग विचारलं, "ही मुलं काही वर्षांनी लग्न करून बायको घेऊन येतील. दिवसा हा झोपलाय, तेव्हा त्याचं पोर कुठे खेळणार?" त्या प्रश्नाने चाळीची मांडणी बदलली. दोन ओळी एकमेकींना पाठ करून बसवल्या, झोपायच्या बाजू मधल्या शांत बोळाकडे आणि पडव्या दोन वेगळ्या अंगणांकडे. खेळायचा, भांडी घासायचा, बोलायचा आवाज पडवीत राहतो. टोकाच्या खोल्या जोडता येतील अशा ठेवल्या, कुटुंबासाठी.

पदवीनंतर गावातल्या एका चाळमालकांना मी ती शीट दाखवली. त्यांनी आधी भाड्याचा हिशेब मांडला, मग माझ्या पडवीवर बोट ठेवून म्हणाले, "एवढ्या जागेत आणखी दोन खोल्या बसतील." आम्ही समोरासमोर बसून दोन्ही हिशेब मांडले. दर पावसाळ्यात त्यांच्या किती खोल्या ओल आणि वासामुळे रिकाम्या होतात, रंगाला आणि पत्रे बदलायला किती जातात, भाडेकरू किती दिवस टिकतो. पडवी थोडी अरुंद झाली, बांबूची चटई राहिली, बाहेरचा ओटा आणि नळ राहिला. वाळवणीच्या दोऱ्यांवर ते स्वतःच अडून बसले, कारण त्यांची आधीची एक खोली आतल्या ओल्या कपड्यांमुळे बुरशीने काळी पडली होती. मागचा बोळ त्यांना वाया गेलेली जागा वाटतो. त्यावर बोलणं चालू आहे. पाया खणून झालाय. जोतं किती ठेवायचं ते ठरवायला परवा गवंडीमामा काळ नदीच्या बाजूच्या घरांवरच्या खुणा घेणार आहेत, आणि नळीचं दुसरं टोक मी धरणार आहे.